बारावी खेप

"बाबा, इथे सही करा," केतकीने कागद पुढे केला.

केतकीचे वडील धनंजय पोंक्षे कणत्वरकाच्या, म्हणजे अणूतले कण प्रचंड वेगाने पळवणाऱ्या यंत्राच्या, अतिवाहक चुंबकांची चाचणी घेत. नवा चुंबक, त्यातला विजेचा प्रवाह वाढवला की, अचानक तापून दगा देतो. तो पुन्हा थंड केला की आधीपेक्षा जास्त प्रवाह सोसतो. याला ते सराव म्हणत. आता दवाखान्यात माणसाच्या मनालाही असाच सराव दिला जात होता. पत्नी गेल्यावर पोंक्षेंनी तो घेतला. तिथे त्यांना तिचा शेवटचा दिवस पुन्हापुन्हा दाखवत. अकरा वेळा ते कोसळले, बाराव्या खेपेला डोळे कोरडे राहिले.

केतकीचं बाळ महिन्यापूर्वी जन्मताच गेलं होतं. तिलाही सराव हवा होता आणि त्याला जवळच्या नातलगाची संमती लागत होती.

"तुम्हाला सरावाचा काही त्रास झाला?" तिने विचारलं.

"नाही."

"आईची आठवण येते?"

"येते की. परवा तिचा फोटो पुसला."

"मग?"

"स्वच्छ झाला."

पोंक्षेंनी पेन उघडलं. केतकी त्यांच्याकडे बघत राहिली. मग तिने कागद ओढून घेतला आणि त्यांच्या खांद्यावर डोकं टेकवून रडू लागली.

पोंक्षे न हलता बसले. सदरा ओला होतोय, एवढं त्यांना कळत होतं.