सतरा नंबरची सुई

मास्तर गुडघे टेकून मशीनखालच्या चिंध्या चाचपत होता. सकाळी त्याच्या सतरा नंबरावर मिळालेली हातसुई सापडत नव्हती. तुरुंगाच्या शिवणखात्यात पाच वाजता सुया परत घेतात, आणि ज्याची कमी पडेल त्याच्या कागदावर लाल शेरा बसतो. एरवी मास्तरने असल्या शेऱ्याला भीक घातली नसती. पण सोमवारी सुटकेची समिती बसणार होती. अठरा वर्षांत पहिल्यांदा यादीत नाव आलं होतं, बहिणीने मागची खोली रिकामी करून ठेवली होती.

सुई पडली असेल, असं त्याच्या मनालाही शिवलं नाही. इथे वस्तू पडत नाहीत, कुणीतरी उचलतं.

"मास्तर, घ्या. बटणांच्या डब्यात होती."

समोर बटणं लावणारा कैदी, बटणवाला, उभा होता. या बराकीत येऊन त्याला आठवडाही झाला नव्हता. तळहातावर सुई होती, तिच्या नेढ्याला सतराची चिठ्ठी.

मास्तरने हात पुढे केला नाही. अठरा वर्षांत त्याला कुणी अर्धी विडी फुकट दिली नव्हती, आणि हा सुई देतोय? तीही सोमवार तोंडावर आलेला असताना? घेतली की हाच बोंब मारणार, नाहीतर जन्मभर उपकार वसूल करणार. छे, त्याच्या आधी आपणच बोललेलं बरं.

त्याने हवालदाराला हाक मारली.

"साहेब, माझी सुई याने चोरली."

मशीनी थांबल्या. तूच उचललीस का, असं हवालदाराने दोनदा विचारलं. बटणवाला मास्तरकडे बघत राहिला. सोमवारचं त्यालाही ठाऊक होतं, अख्ख्या बराकीला ठाऊक होतं.

"हो," तो म्हणाला. "मीच उचलली."

पंधरा दिवसांची एकांत कोठडी. त्याला लगेच घेऊन गेले.

पाच वाजता सगळे सुया द्यायला रांगेत उभे राहिले. मास्तरचा जीव भांड्यात पडायला हवा होता, पण त्याला काही केल्या चैन पडेना. पुढे काजं करणारा म्हातारा होता, बारा वर्षं त्याच्या शेजारच्या मशीनवर बसलेला. मास्तर त्याच्या कानाशी वाकला.

"त्या लेकाला माझ्याकडून काय हवं असेल रे?"

म्हाताऱ्याने कॉलरला टोचलेली आपली सुई काढली आणि मुठीत घट्ट धरली.