पोपटांसाठी वाटी

पिंजऱ्यात चार बजरीगर पोपट होते, आणि त्यांच्यासाठी आणलेल्या पाच वाट्या जोहरा एकेक करून लावून बघत होती. पोपट काठावर बसला की वाटी कलंडायची, दाणे सांडायचे. लकव्यानं उजवा हात गेलेले अब्बा खाटेवरून बघत होते. डाव्या हातानं जेवताना ताटाबाहेर सांडतं म्हणून त्यांनी कालपासून जेवण सोडलं होतं. लेकीच्या हातचा घासही ते घेत नव्हते.

"स्टीलची नको, सरकती," अब्बा म्हणाले. "चिनीमातीची बघ. बूड जड पाहिजे."

"आणि काठ?"

"उभा. दाणा काठाला टेकला की निसटत नाय."

"रुंदी?"

अब्बांनी डावा पंजा पसरून बघितला. "वीतभर."

"वीतभर? पाखरू पोहंल की त्यात!"

"तू विचारलं, मी सांगितलं."

जोहरानं त्यांच्या डाव्या हाताकडं बघितलं. मग शहागंजच्या बाजारातून तसाच वाडगा घेऊन आली. दुपारी त्यात खिचडी वाढून तिनं तो अब्बांसमोर ठेवला आणि पोपटांना दाणा घालायला पिंजरा घेऊन गॅलरीत निघून गेली.

ती परतली तेव्हा वाडग्यातली खिचडी संपली होती. बाहेर अकरा शितं पडली होती.