तिसऱ्या घंटेची जागा

आमच्या गावच्या चर्चमध्ये सहा घंटा आहेत, प्रत्येकीचा दोर ओढायला माणूस ठरलेला. तिसरी मॉडची होती. मॉड वारल्यावर तिच्या दोराला कुणी हात लावला नाही. आम्ही पाचजण वाजवायचो. तिच्या घंटेची पाळी आली की क्षणभर थांबायचो. नव्या पाद्रीबाई हसल्या, "दात पडल्यासारखं वाजतंय. कुणाला तरी शिकवा की!" म्हणून सुताराची मुलगी शिकली. आज सहाही घंटा सलग वाजल्या. खुशीत दोर गुंडाळत होतो, तेवढ्यात जिन्यात काठी वाजली. मॉडचा नवरा! ती गेल्यापासून चर्चची पायरी न चढलेला, तिच्या कबरीपाशीच बसून ऐकणारा. "तिसरी कुणी वाजवली?" पोरगी घाबरली. "मी, आजोबा. चुकलं का?" "नाही गं, छान वाजवलीस. कुठं फट राहिली नाही." त्यानं तिसऱ्या दोराला धरायला असलेली लोकरी मूठ कुरवाळली. "इतके दिवस त्या फटीत ती ऐकू यायची."