आरपार

बँकेच्या रखवालदाराच्या घरी भिंतीतलं भोक बुजवायला आलेला रंगारी पुट्टी कालवताना थबकला. “हे कशाचं हो?” “खिळ्याचं,” रखवालदार घाईनं म्हणाला. पण रंगाऱ्याला राहवेना. त्यानं भोकात तार सरकवली, तर ती सरळ आरपार गेली. “पलीकडे कोण राहतं?” रखवालदार मटकन खाली बसला. “शिक्षिका. एकट्याच असतात. सकाळी बंदूक पुसत होतो, रिकामीच आहे असं वाटलं. बघायला जायचा धीरच झाला नाही.” रंगाऱ्यानं त्याला दंडाला धरून उठवलं आणि शेजारची बेल दाबली. बराच वेळ आत सामसूम होती. मग दार उघडलं. “बरं झालं आलात! शाळेतून येऊन बघते तर आरसा फुटलेला. कसा फुटला असेल हो?” रखवालदारानं एकदा रंगाऱ्याकडे पाहिलं. “माझ्या गोळीनं, बाई,” तो कसाबसा म्हणाला. “पोलिसांना फोन लावा. सगळं त्यांना मीच सांगतो.”