पहिला घास

हिनाच्या पत्राला मोरोपंतांनी उत्तर दिलंच नव्हतं. फोनवर ते ‘हो, बरं’ यापलीकडे बोलत नाहीत हे तिला ठाऊक होतं, म्हणून तिने रोह्याहून पत्र पाठवलं होतं. शेजारच्या इद्रीसची ही मुलगी पेणला त्यांच्याच वाचनालयात बसून शिकली आणि मेंदूची डॉक्टर झाली. मोरोपंतांच्या पत्नीच्या, आनंदीबाईंच्या गोळ्या तिनेच सुरू केल्या होत्या.

“काका, आठवणीला लागणारं एक द्रव्य मेंदूत असतं. एक एन्झाइम ते मोडून टाकतं. ही गोळी त्या एन्झाइमला अडवते, मग द्रव्य टिकतं. वाट विसरलेल्या उंदरांना आम्ही ती दिली, तेव्हा त्यांना वाट सापडली. माणसांचं इतकं सरळ नसतं. लवकर सुरू केली तरच थोडाफार उपयोग. काकू तुम्हाला ओळखतात का, एवढंच कळवा.”

तेवढंच कळवणं जमत नव्हतं. गोळी देण्यात आपलंच काही चुकतंय, असं मोरोपंतांना सारखं वाटे.

आनंदीबाईंना पाण्याबरोबर गोळी गिळवत नसे. रोज सकाळी ते तांदळाच्या भाकरीचा तुकडा मोडत, त्यात गोळी दडवून वर गूळ लावत आणि तो ताटात सगळ्यात वर ठेवत. पहिल्याच घासाला पोटात जावी म्हणून. मग ओटीवर जाऊन बसत. परका पुरुष समोर असला की आनंदीबाई ताटाला हात लावत नसत. हल्ली तो परका पुरुष म्हणजे मोरोपंतच.

“आपण बसा हं,” त्या अदबीने म्हणत. “हे येतीलच वाचनालयातून.”

“बरं,” मोरोपंत म्हणत.

धुणंभांडी करणारी मैना एकदा अंगणातून म्हणाली, “आबा, खंड्या बघितलात काय? पावसाळ्यात भिंतीकडं तोंड करून उभा र्‍हायचा. आता तुमची चाहूल लागली की फाटकाकडं धावतो. म्हातार्‍या कुत्र्याला अक्कल आली, आमच्या घरच्याला काय येनार नाय.”

“निदान तो तरी,” मोरोपंत हसून म्हणाले.

एका सकाळी चष्मा आत राहिला म्हणून ते ओटीवरून परत फिरले आणि स्वयंपाकघराच्या दारातच थांबले. चष्म्यावाचूनही दिसायचं ते दिसलं. आत न जाता ते तसेच मागे आले. कपाटातून एक पोस्टकार्ड काढलं.

दुपारी ते स्वतः पोस्टात गेले. पेटीत टाकण्याआधी त्यांनी कार्ड पुन्हा एकदा वाचलं, आणि टाकलं.

“चि. हिना, ती मला ओळखत नाही. गोळी मात्र लागू पडली. खंड्या ओळखतो. उद्यापासून गोळी दुसऱ्या घासात घालीन, फार उशीर झाला नसला तर. जेवणाआधी पहिला घास कुत्र्याला घालायचा, ही तिच्या माहेरची, निडीची रीत. ती ते विसरलेली नाही. विसरलो मी.”