यंत्राला समजेल असं

"अक्षर मोठं ठेव," देवेश म्हणाला.

जान्हवीनं स्क्रीनवरून मान वर केली. "का? एजंटला चष्मा लागलाय?"

"सांगितलं तेवढं कर ना यार."

देवेश तिचा साहेब होता, पण चकाल्याच्या त्या ऑफिसात सगळे एकमेकांना अरेतुरेच करायचे. कंपनी घरगुती पाण्याच्या फिल्टरच्या तक्रारी घ्यायची आणि मेकॅनिक पाठवायची. आता तक्रारी माणसं नाही, एआय एजंट हाताळणार होता. त्याच्या हाती द्यायच्या साधनांना इंजिनियरांनी हँडल-एक, हँडल-दोन अशी नावं ठेवली होती; बारशाला आत्या मिळाली नसावी. कुठलं साधन काय करतं, कधी वापरायचं, कधी त्याला हात लावायचा नाही, हे एजंटला समजेल असं लिहिणं जान्हवीचं काम. तेही मराठीत. हा एजंट मराठीत तयार झालाय, भांडुपच्या सर्व्हरवर चालतो, असं देवेश येईल त्याला छाती फुगवून सांगायचा.

जान्हवी कामात पक्की होती. "भेटीची तारीख बदलणे" एवढं लिहून ती थांबायची नाही. ग्राहक "उद्या नको" म्हणाला तर हे वापरा, "नकोच" म्हणाला तर हे वापरू नका, आधी एकदा विचारा, असं सगळं लिहायची. एजंट चुकला की खोट आपल्या वाक्यात आहे, असं ती मानायची. एजंटच्या शंका देवेशमार्फत यायच्या आणि त्या चांगल्या असायच्या. ग्राहक चिडला असेल तर आधी माफी मागू की आधी तारीख देऊ? हा प्रश्न वाचून ती क्षणभर खूश झाली होती. मग स्वतःचाच राग आला.

कारण एजंटला दिलेली ती खुर्ची प्रेमाताईची होती.

प्रेमा कंपनीच्या सुरुवातीपासून फोनवर होती. भांडायला आलेला माणूस तिच्याशी बोलून फोन ठेवताना थँक्यू म्हणायचा. जान्हवी नवीन असताना डब्यातला अर्धा घावणा तिच्यापुढे सरकवणारीही तीच. नवरा नंदू पाठीच्या दुखण्यानं घरी बसलेला, घर हिच्या पगारावर. एजंट येणार ठरलं आणि फोनवरच्या सगळ्या बायकांना काढलं. जुनं सॉफ्टवेअरही जाऊन नवीन आलं. जान्हवी देवेशशी कडकडून भांडली. काही उपयोग झाला नाही.

ती अधूनमधून प्रेमाला फोन करायची.

"मिळालंय काहीतरी, घराजवळच," प्रेमा म्हणायची.

"काय काम आहे?"

"बसून करायचं. तू नको गो काळजी करू."

हे आपलं मन राखायला म्हणते, असं जान्हवीला वाटायचं. तेवढ्यानं ती आणखी पेटायची.

मोठ्या गिऱ्हाइकापुढे एजंट दाखवायचा दिवस ठरला. पटला तर तो आणखी बऱ्याच कंपन्यांत जाणार आणि तिथल्याही प्रेमाताई घरी बसणार. त्या सकाळी जान्हवी लवकर आली. हँडल-दोन तारीख बदलायचं, हँडल-तीन भेट रद्द करायचं. तिनं दोन्हींचे मजकूर शांतपणे अदलाबदल केले. दाखवण्यापुरते ग्राहक खोटे, तक्रारी खोट्या, कुणाच्या घरचं पाणी अडणार नव्हतं. सुधारित सूचना म्हणून तिनं ते पाठवून दिलं.

मीटिंगच्या खोलीत ती मागे भिंतीला टेकून उभी राहिली. गिऱ्हाइकाकडून आलेल्या शर्मिष्ठा मॅडमनी ग्राहक होऊन टाईप केलं, "उद्या नको, परवा या."

थोड्या वेळानं उत्तर आलं. "हो ताई, परवा येतो." आणि खाली सॉफ्टवेअरची लाल ओळ उमटली: भेट रद्द.

कुणीतरी हसलं. मॅडमनी पुन्हा करून पाहिलं. पुन्हा रद्द. तिसऱ्या वेळी त्यांनी पर्स उचलली.

त्या गेल्यावर देवेश जान्हवीकडे वळला. ती वाटच बघत होती.

"मी बदललं," ती म्हणाली. "जाणूनबुजून. तुमचं मशीन लिहिलेलं करतं, त्याला डोकं नाही. डोकं असलेली बाई तुम्ही घालवलीत. तिला परत बोलवा, नाहीतर हे माझं कार्ड घ्या."

देवेश ओरडला नाही. त्याचा चेहरा पांढरा पडला.

"वाट लावलीस गं," एवढंच तो म्हणाला. मग फोन लावून हळू आवाजात बोलला, "भांडुपचं बंद करा. हो, आजच."

जान्हवीनं कार्ड टेबलावर ठेवलं आणि बाहेर पडली. नोकरी गेली होती आणि तिला झकास वाटत होतं. कितीतरी दिवसांनी ताठ मानेनं चालतोय असं वाटत होतं. कोपऱ्यावरच्या रसवंतीपाशी थांबून तिनं प्रेमाला फोन लावला.

"प्रेमाताई, बंद पाडला मी तो एजंट! सगळ्यांसमोर. आता बघ कसे तुला बोलवायला येतात."

पलीकडे बायकांचे आवाज येत होते, खुर्च्या सरकवल्याचे. कुणीतरी रडत होतं.

"कुठे आहेस तू?"

"कामावर, भांडुपला. म्हणजे आतापर्यंत होते." प्रेमाचा आवाज अगदी साधा होता. "बाहेर बोलायचं नाही अशी अट होती, म्हणून तुला कधी सांगितलं नाही. एजंट म्हणजे आम्ही पाचजणी होतो गो. आज सकाळी तुझं नवीन आलं, तेव्हा ह्या बाकीच्या म्हणाल्या, कालच्याच्या उलटं कसं काय, विचारूया. मीच म्हटलं, हे आमच्या जान्हवीनं लिहिलंय, डोळे मिटून दाबा."