बारशाचा वरवंटा

बारशाला जमलेल्या साऱ्या बायका छडीसारख्या सडपातळ होत्या आणि खुर्चीला टेकूनच बसल्या होत्या. पाळण्याशेजारी यंत्राचे दोन मऊ हात बाळाला धरून उभे होते. वजन झरझर उतरवणारी गोळी चरबीबरोबर दंडातले बळही घेऊन जाई. त्यामुळे तान्ही मुले आता यंत्रेच उचलत.

बाळाच्या आत्याने, केतकीने, गोळी कधीच सोडली होती. वर्षभर ती मटकीची उसळ नि अंडी खात होती आणि माळ्यावरचा जुना वरवंटा रोज उचलत होती. वजन उतरले होते, पण सावकाश.

“आत्याबाईंना अजून कंबर सापडलेली दिसत नाही!” बाळाची मामी म्हणाली.

“शोधतेय हळूहळू. पण नाव आज मी बाळाला हातात घेऊनच ठेवणार.”

बोलून गेली खरी, पण केतकीने एकदा स्वतःच्या दंडांकडे पाहिले. हातांनी दगा दिला तर?

जुन्या रीतीप्रमाणे तिने आधी घरून आणलेला तोच वरवंटा कुंची घालून पाळण्याखालून फिरवला. मग यंत्राच्या हातांतून बाळ उचलले. ते तिच्या हातांत अलगद विसावले. बाळाच्या कानात तिने नाव सांगितले, “ईशान.”

बाळाची आई रोहिणी टक लावून पाहत होती. स्वतःचे मूल तिने अजून एकदाही उचलले नव्हते.

“मांडी घाल, रोहिणी. खालून मी आधार देते.”

बाळ आईच्या मांडीवर आले.

“अगं बाई, केवढा जड आहे हा!” रोहिणी हसता हसता रडू लागली. मग डोळे पुसत म्हणाली, “वन्सं, जाताना तो वरवंटा इथेच ठेवा. आणि मटकीला मोड कसे आणायचे, तेही सांगा.”